बोंडअळीचं प्रशिक्षण, ३८ स्लाइड्स आणि मोबाईलमध्ये घातलेल्या माना

कपाशी_रान
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत गुलाबी बोंडअळीवर शेतकरी प्रशिक्षण घ्यायचं आहे. वेळ ४५ मिनिटं, एका वेळी ६०-७० माणसं, जागा समाजमंदिर. पडदा ६ फूट रुंद, साडेचार फूट उंच. प्रोजेक्टर जुना, १०२४ × ७६८ चा. खिडक्यांना पडदे नाहीत. शेवटची रांग पडद्यापासून ३२ फुटांवर.

हाती आलेलं प्रेझेंटेशन ३८ स्लाइड्सचं आहे. पहिल्या सहा स्लाइड्समध्ये ओळख आणि शास्त्रीय नाव, मग जीवनचक्राचा तक्ता, मग 'एकात्मिक व्यवस्थापन' या एकाच मथळ्याखाली सलग नऊ स्लाइड्स. प्रत्येकीवर ८ ते १२ मुद्दे, अक्षर २४ पॉइंट, निळ्यावर लाल. फोटो शेवटी, तेही एका स्लाइडवर सहा-सहा. दहाव्या मिनिटाला माना मोबाईलमध्ये जातात. दुसऱ्या लॅपटॉपवर उघडलं तर निम्मा मजकूर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन दिसतो.

स्लाइड्स किती ठेवू? काय काढू? आणि लोकांना बोलतं कसं करू? नुसतं 'इंटरॅक्टिव्ह करा' असं कृपया सांगू नका.

शेवटची_रांग
भाऊ, किती ठेवायच्या यापासून सुरुवात करू नका. १०-२०-३० चा नियम (१० स्लाइड्स, २० मिनिटं, ३० पॉइंट) सगळीकडे फिरतो, पण गुंतवणूकदार आणि लेखक गाय कावासाकी यांनी तो भांडवल मागायला येणाऱ्या कंपन्यांसाठी सांगितला होता. तुमच्यासमोर गुंतवणूकदार बसलेले नाहीत. फोटोवर उभी असलेली स्लाइड पाच सेकंदांत पुढे जाऊ शकते आणि एखादीवर सहा मिनिटंही थांबता येतं.

सुरुवात शेवटाकडून करा. घरी गेल्यावर शेतकऱ्याने कोणत्या गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी ओळखून ठरवायच्या आहेत? माझ्या हिशेबाने चारच: डोमकळी (अळीमुळे न उमलणारं फूल) ओळखणं, कामगंध सापळ्यातले बोंडअळीचे पतंग मोजून निर्णय घेणं, हिरवी बोंडं फोडून टक्का काढणं, आणि फरदड (हंगाम संपल्यावरही पुढे ठेवलेलं कपाशीचं पीक) न घेता पऱ्हाटी (कपाशीची झाडं) वेळेत काढणं. या चारपैकी एकालाही उपयोगी नसलेली स्लाइड पत्रकात जाईल. शास्त्रीय नाव पहिलं पत्रकात.

आता प्रत्येक निर्णयासाठी क्रम एकच ठेवा: आधी चित्र, मग प्रश्न, मग थांबणं, मग उत्तर. तुमच्या हातातल्या प्रेझेंटेशनमध्ये हाच क्रम उलटा आहे. उत्तर आधी, तेही बारा ओळींत, आणि चित्र ३७ व्या स्लाइडवर. माणसाला उत्तर आधीच मिळालं तर तो चित्राकडे का बघेल?

डोमकळीचं उदाहरण घ्या. पहिल्या स्लाइडवर दोनच फोटो शेजारी शेजारी: डावीकडे नीट उमललेलं फूल, उजवीकडे पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं. मथळा नाही, नाव नाही. प्रश्न तोंडी विचारा, 'यातलं कोणतं फूल तुम्ही तोडून टाकाल? डावं वाटतं त्यांनी डावा हात वर करा, उजवं वाटतं त्यांनी उजवा.' हात मोजून आकडा मोठ्याने सांगा. पुढच्या स्लाइडवर उजवंच फूल पडदाभर, उघडलेलं, आत अळी, आणि वर एक ओळ: 'पाकळ्या उमलत नाहीत, कारण आतल्या अळीने त्या धाग्यांनी बांधल्या आहेत.' नाव इथे सांगायचं.

तिसऱ्या निर्णयासाठी पडद्यावर हिरवं, धडधाकट दिसणारं बोंड दाखवा. 'हे चांगलं आहे का?' बहुतेक जण हो म्हणतील. पुढच्या स्लाइडवर तेच बोंड फोडलेलं, आत अळी. कारण तिथेच सांगा: लहान अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि तिने पाडलेलं छिद्र नंतर बुजतं, म्हणून बाहेरून कळत नाही. बोंडं फोडून बघा, असं दहा वेळा सांगून जे पटत नाही ते या दोन फोटोंनी पटतं.

आणि इथेच पडदा बंद करा. स्लाइड शो चालू असताना की-बोर्डवरचं 'बी' दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की स्लाइड परत येते. हंगाम असेल तर जवळच्या शेतातून २० हिरवी बोंडं आणा, ठरवून किडकी नव्हे, शेतभर फिरून हाताला येतील ती. बारा-चौदा जणांच्या गटाला चार बोंडं आणि एक चाकू. गटांनी किडक्या बोंडांचा आकडा सांगायचा, तुम्ही फळ्यावर बेरीज करायची. २० पैकी २ म्हणजे १० टक्के, म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी (जिथे उपाय करावाच लागतो ती) गाठली. हा हिशेब त्यांनी स्वतः केलेला असेल. फोडलेली बोंडं पिशवीत भरून नष्ट करा, समाजमंदिराच्या मागे टाकून येऊ नका.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, विचारणाराच दोन सेकंदांत उत्तर देऊन टाकतो. प्रश्न विचारला की मनात सातपर्यंत मोजा. पाचाला कुणीतरी बोलतंच. दुसरी, प्रश्न आणि उत्तर एकाच स्लाइडवर ॲनिमेशनने लपवलेलं असतं. चुकून एक क्लिक जास्त झाला की उत्तर बाहेर, आणि पीडीएफ केली की दोन्ही एकावर एक छापलेले. दोन वेगळ्या स्लाइड्स करा. स्लाइड्सचा आकडा वाढला तर वाढू द्या.

पडदा_साडेचार_फूट
वरचा प्रतिसाद पटला, पण फोटो दिसलाच नाही तर सगळं फुकट. आकडे दिले आहेत तर हिशेब करू या.

तुमचा पडदा आणि प्रोजेक्टर ४:३ आहेत. हल्लीचं पॉवरपॉइंट नवीन फाइल १६:९ मध्ये उघडतं. ती या पडद्यावर टाकली की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि चित्राची उंची ५४ इंचांवरून साडेचाळीसच्या आसपास येते. म्हणजे पाव उंची गेली. ३२ फूट म्हणजे ३८४ इंच. १६:९ मध्ये शेवटची रांग चित्राच्या उंचीच्या साडेनऊ पट लांब बसते, ४:३ मध्ये सात पट. सभागृहं आखणारे लोक वाचायच्या मजकुरासाठी सहा पट आणि नुसत्या बघण्याच्या चित्रासाठी आठ पट धरतात. तेव्हा डिझाइनमध्ये जाऊन स्लाइड साइझ ४:३ करा, आणि हे पहिल्याच दिवशी करा. भरलेल्या स्लाइड्सचा आकार नंतर बदलला की चौकटी सरकतात.

अक्षरांचं गणित सोपं आहे. स्लाइडची उंची साडेसात इंच, म्हणजे ५४० पॉइंट. तुमचा पडदा ५४ इंच. म्हणजे १० पॉइंटला पडद्यावर १ इंच. देवनागरीत शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचा भाग या आकड्याच्या साधारण निम्मा भरतो. म्हणजे ४० पॉइंटचं अक्षर पडद्यावर दोन इंच. ३२ फुटांवरून ते चष्मा विसरून आलेल्या माणसालाही लागतं. सध्याचं २४ पॉइंट, तेही १६:९ मध्ये, इंचभरही भरत नाही. ४० पॉइंटला एका ओळीत सहा-सात शब्द मावतात. तेवढेच लिहा, आपोआप शिस्त लागते.

गणित नको असेल तर १५.६ इंची लॅपटॉपवर स्लाइड पूर्ण पडदा करून साडेचार फूट मागे उभे राहा. शेवटच्या रांगेला जे दिसणार ते तेवढंच.

रंग: प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. तो फक्त उजेड टाकतो, आणि जिथे टाकत नाही तिथे पडदा जसा आहे तसा दिसतो. खिडकीतून ऊन येत असेल तर तुमचा गडद निळा म्हणजे फिका राखाडी, आणि त्यावरचं लाल अक्षर त्याच्याइतकंच मळकट. उजेडाच्या खोलीत पांढऱ्या किंवा फिक्या पार्श्वभूमीवर काळं अक्षर हाच उपाय. चांगलं आणि वाईट दाखवायला नुसता हिरवा-लाल वापरू नका; तो फरक न दिसणारी माणसं सभेत असतात. बरोबरची खूण आणि फुली द्या. पडद्यामागची खिडकी मात्र काहीही करून झाका, ताडपत्री चालेल. बाकीच्या उघड्या असल्या तरी चालतं, लोकांना लिहायला उजेड लागतोच.

फोटो व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवून घेतला तर तो दाबून लहान झालेला असतो आणि पडदाभर ताणला की अळीचा गुलाबी ठिपका उरतो. डॉक्युमेंट म्हणून मागवा. क्रॉप करून अळी किंवा फूल चित्राचा निदान अर्धा भाग व्यापेल असं करा. किडीचे फोटो प्रोजेक्टरवर नेहमी अंधारे पडतात, ब्राइटनेस थोडा जास्त ठेवूनच घाला.

शिरोरेषा
इंग्रजी कचऱ्याचं कारण: मजकूर श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर चेहरा गळून पडतो. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ऱ्ह, ऱ्या, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी इथे चुका राहतात. तपासायला 'पऱ्हाटी', 'शेतकऱ्यांच्या', 'प्रादुर्भाव', 'निर्मूलन' हे चार शब्द फाइलभर शोधा.

युनिकोड केल्यावर पुढची डोकेदुखी अशी की फॉन्ट बदलून ठेवला तरी नव्या चौकटीत मराठी मजकूर परत मंगलमध्ये उमटतो. ऑफिसच्या थीममध्ये देवनागरीसाठी मंगल लिहून ठेवलेला असतो, म्हणून. ओळ निवडून फॉन्ट द्यावा लागतो, किंवा एक स्लाइड नीट करून तिच्याच प्रती काढायच्या. दुसरं बरं पडतं.

फॉन्ट मुक्त घ्या, जाड वजनाचा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' फुकट आहे आणि लांबून स्वच्छ वाचता येतो. पातळ वजनं नकोत, प्रोजेक्टर शिरोरेषा खाऊन टाकतो. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालवायचं असेल तर फाइल, ऑप्शन्स, सेव्हमध्ये जाऊन फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड करा आणि सोबत एक पीडीएफ ठेवाच. पीडीएफमध्ये अक्षर मोडत नाही.

आणखी तीन बारीक गोष्टी. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटून शब्द तुकड्यांत दिसतो. ओळींमधलं अंतर १.१ ते १.२ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. आणि चौकटीत मजकूर मावला नाही की अक्षर आपोआप लहान करणारी ऑटोफिटची सोय बंद करा. ४० पॉइंट लिहिलेलं २६ कधी झालं ते कळतसुद्धा नाही.

मथळा_आधी
सगळ्यांनी फोटोंबद्दल लिहिलं, मथळे राहिले. 'एकात्मिक व्यवस्थापन', 'आर्थिक नुकसान पातळी' हे मथळे नाहीत, कपाटावरच्या चिठ्ठ्या आहेत. मथळा पूर्ण वाक्य असावा आणि त्यात निर्णय असावा: 'सलग ३ रात्री सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग, तर उपाय करायची वेळ झाली.' खाली त्याचा पुरावा, एकच.

चिठ्ठीसारखा किंवा भलताच मथळा किती महागात पडतो याचं उदाहरण २००३ मध्ये पृथ्वीवर परतताना नष्ट झालेल्या कोलंबिया अवकाशयानाच्या चौकशीत सापडतं. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी अधिकाऱ्यांना दाखवलेली एक स्लाइड चौकशी मंडळाने अहवालात छापून तिच्यावर टीका केली. मथळा वाचून वाटतं की चाचण्यांचे निष्कर्ष सुरक्षिततेच्याच बाजूने झुकलेले आहेत. खालच्या पायरीवरच्या बारीक ओळीत मात्र लिहिलं होतं की यानावर आदळलेला फोमचा तुकडा १९२० घन इंचांचा धरला आहे आणि चाचणीतला होता ३ घन इंचांचा. म्हणजे ६४० पट. सगळ्यात मोठी गोष्ट सगळ्यात लहान अक्षरात.

तुमच्या पतंगांच्या स्लाइडसाठी तक्ता काढून सात स्तंभ करा. उदाहरणादाखल सात रात्रींचे दर सापळ्यामागचे सरासरी पतंग: ३, ५, ९, ४, ८, ९, ११. आठवर एक आडवी रेघ. सगळे स्तंभ राखाडी, आकडा प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर, बाजूची रंगसूची आणि मागच्या जाळीच्या रेघा काढून टाकलेल्या. त्रिमिती स्तंभ तर नकोतच, रेघेच्या वर की खाली हेच कळत नाही. आता विचारा, 'उपाय कोणत्या दिवशी?' तिसऱ्या रात्रीच्या ९ वर काही जण नक्की हात वर करतील. तो चकवाच आहे, कारण चौथ्या रात्री आकडा ४ वर आला. पुढच्या स्लाइडवर फक्त शेवटचे तीन स्तंभ लाल करा. 'सलग ३ रात्री' याचा अर्थ बारा मुद्द्यांत कळला नसता तो चुकलेल्या उत्तराने कळतो. गावातल्या सापळ्यांची खरी नोंद मिळाली तर हाच तक्ता तिने भरा, मग मोबाईलकडे कुणी बघणार नाही.

हा तक्ता चालायचा असेल तर सापळे एकरी २ लावलेले हवेत आणि ल्यूर (सापळ्यातली, पतंगांना ओढणारी गंधगोळी) वेळेवर बदललेली हवी, हे त्याआधीच्या स्लाइडवर फोटोसह येऊ द्या. जुनी ल्यूर म्हणजे शून्य पतंग, आणि शून्य बघून माणूस निर्धास्त होतो.

कपाशी_रान
सगळ्यांचे आभार, बरंच सुटसुटीत झालं. दोन अडचणी उरल्या. कार्यालयाला 'संपूर्ण माहिती' स्लाइड्समध्येच हवी आहे, कारण तीच फाइल पुढे गटांवर पाठवली जाते. दुसरं, दीड मिनिटाचा व्हिडिओ आहे, त्याचा आवाज येत नाही. आणि वीज गेली तर?

मथळा_आधी
पहिल्याचं उत्तर: दोन फाइली. पडद्यावरची वेगळी, पाठवायची वेगळी. प्रत्येक स्लाइडखाली नोट्सची जागा असते. काढलेला सगळा मजकूर तिथे टाका आणि प्रिंटमध्ये 'नोट्स पेजेस' निवडून पीडीएफ करा. वर चित्र, खाली पूर्ण माहिती, काहीही वगळलेलं नाही. कार्यालय खूश, पडदा मोकळा. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत हेच दिसलं आहे: चित्र आणि बोलणं एवढंच असलं तर लोक जास्त शिकतात, त्यावर तेच बोलणं अक्षरांत लिहून टाकलं की कमी.

पत्रक मात्र शेवटी वाटा. आधी दिलं की सगळे तेच वाचत बसतात.

शेवटची_रांग
इथे माझं जुळत नाही. माहितीचं पत्रक शेवटी, मान्य. पण सापळ्याच्या नोंदीचा कोरा तक्ता (तारीख, सापळा क्रमांक, पतंग) सुरुवातीलाच हातात द्या, पेन्सिलीसकट. स्तंभांच्या स्लाइडवर ते सात आकडे त्यांनी स्वतः त्यात भरायचे. हात कामात असला की मोबाईल खिशात राहतो, आणि घरी न्यायला भरायची पद्धत माहीत असलेला कागद मिळतो.

पडदा_साडेचार_फूट
आवाज: व्हीजीए केबलमधून आवाज जातच नाही. एचडीएमआय लावली तर लॅपटॉप आवाज प्रोजेक्टरकडे पाठवतो आणि त्याचा स्पीकर बहुधा नसतो किंवा डासाएवढा असतो. खाली उजवीकडे स्पीकरच्या चिन्हातून आवाजाचं यंत्र बदला आणि हेडफोनच्या जागेतून बाहेरचा स्पीकर जोडा. व्हिडिओ फाइलमध्येच घातलेला असू द्या, लिंक नको. एमपी४ सर्वांत कमी रडतो. आणि दीड मिनिट जास्त आहे. ३० सेकंदांचा तुकडा कापा, आवाज बंद ठेवून तुम्हीच बोला, म्हणजे वरची सगळी कटकट मिटली.

विंडोज आणि 'पी' दाबून 'एक्स्टेंड' निवडा. नोट्स लॅपटॉपवर, स्लाइड पडद्यावर. 'डुप्लिकेट' राहिलं तर तुमच्या नोट्स लपवायला जागा उरत नाही. कुणी मागचं विचारलं तर बाण दाबत मागे जाऊ नका, स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबा. क्रमांकांची यादी कागदावर जवळ ठेवा.

वीज गेली तर: डोमकळीची जोडी, फोडलेलं बोंड, सात स्तंभ आणि लाल झालेले तीन स्तंभ, एवढी चार चित्रं फ्लेक्सवर छापून गुंडाळून सोबत न्या, चार फूट बाय तीन. बोंडं आणि चाकू तर असतातच.

राहिली शेवटची स्लाइड. तिथे 'धन्यवाद' आणि फुलांचा गुच्छ असेल, तो काढा. प्रश्नोत्तरं चालू असतात तेवढा वेळ तीच स्लाइड पडद्यावर राहते. तिथे ४० पॉइंटमध्ये तीन ओळी ठेवा: एकरी २ सापळे. सलग ३ रात्री ८ पतंग. २० बोंडांत २ किडकी.